उणे वीस आणि दीड पोळी

"दीड?" मी विचारलं.

"दीड," खोचरे म्हणाले. त्यांच्या मिशीवर बर्फाचा चुरा जमला होता आणि नजर छताला लागली होती. "जास्त न्हाई लागत ओ मॅडम. वय झालं."

वय त्रेचाळीस, वजन ब्याण्णव किलो. आदल्याच आठवड्यात मी त्यांना काट्यावर उभं केलं होतं, खिशातले दोन लोखंडी पाने बाहेर काढायला लावून. हा माणूस एका जेवणात दीड पोळी खातो असं माझ्या हातातल्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, आणि त्या दीडला मला तेरा महिन्यांनी गुणायचं होतं.

आम्ही उभे होतो रत्नागिरीत, मिरकरवाड्याजवळच्या एका मासे गोठवायच्या कारखान्यात. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे शीतगृह रिकामं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाणाऱ्या माणसांना सरावासाठी उणे वीसची खोली दुसरीकडे कुठे मिळणार होती? बाहेर घामाच्या धारा, आत पापणीला पापणी चिकटायची. नारिंगी गुबगुबीत कोट घालून आम्ही फाटकातून ये-जा करायला लागलो की बंदरावरच्या बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या. "इतक्या लांब जाऊन पकडणार काय?" असं त्यांच्यातल्या एकीने मला विचारलंही होतं. "काही नाही, अभ्यास करणार," म्हटल्यावर तिने माझ्याकडे जी दया दाखवली, ती मी अजून विसरलेले नाही.

गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. मी, इंदुमती तळवणेकर, मोहिमेची भांडारपाल. त्याआधी चौदा वर्षं एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचं कोठार माझ्या ताब्यात होतं. समोरचा माणूस किती मागतोय यापेक्षा त्याला किती लागणार आहे, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. मोहिमेच्या आधीच्या दोन खेपांचं सामान मीच भरून दिलं होतं. प्रत्येक खोक्यावर माझ्या हाताने लिहिलेलं: तूरडाळ, गूळ, ओलं करू नये. माझं अक्षर दोनदा बर्फावर जाऊन आलं होतं. मी गोव्याच्या धक्क्यापलीकडे गेले नव्हते.

या खेपेला हिवाळाभर तिथे राहणाऱ्या तुकडीत नेत्यांखेरीज अकरा जागा होत्या. दहा ठरल्या होत्या. अकरावी भांडारपालाची. ती मला मिळणार होती, नाहीतर गोव्याच्या कार्यालयातल्या गवसांना. गवस सज्जन माणूस, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की त्याबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

ठरवणार होते मोहिमेचे नेते, डॉक्टर निरंजन हर्डीकर. हिमनद्यांमधला मोठा माणूस. बारा वर्षं नॉर्वेत काढलेली. अंगाने सडपातळ, मनाने सरळ, आणि हा सरळपणाच आम्हाला जड जायचा. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाक्याला, वसईच्या इनास लोपीसला विचारलं, "चहा घेणार?" इनास म्हणाला, "नको सर." झालं. हर्डीकरांनी एक कप ओतला, इनासच्या समोर बसून शांतपणे संपवला, कप विसळला आणि निघून गेले. इनास नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मी काही चुकलो का? सर दुसऱ्यांदा विचारायलाच तयार नाहीत."

तर त्या हर्डीकरांनी एक तक्ता काढला होता. रोजचा ज्याचा त्याचा आहार, ज्याने त्याने लिहायचा. तक्ता एका पुठ्ठ्याला लावला आणि सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहिलं: पोळ्या दोन, भात अर्धी वाटी, चहा एक कप, बिनसाखरेचा. मग तो पुठ्ठा हातोहात फिरला.

आता मला सांगा, नेत्याने दोन लिहिल्यावर खाली कोण चार लिहिणार? हवामानवाल्या पोराने दोन लिहिल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन लिहून एक खोडली. इनास, जो स्वतःच्या हातची कढी चाखता चाखता अर्धं पातेलं रिकामं करतो, त्याने 'काहीही चालेल' असं लिहिलं. आणि डिझेल मेकॅनिक रावजी खोचरे, मुक्काम जयसिंगपूर, यांनी साहेबांची बरोबरी नको म्हणून दीड.

मी तो पुठ्ठा घेऊन हर्डीकरांच्या खोलीत गेले. कारखान्याच्या मॅनेजरची केबिन त्यांना दिली होती. भिंतीवर सुरमई आणि हलव्याची चित्रं, त्यांच्याखाली हर्डीकर.

"सर, ही यादी खोटी आहे."

"कोणता आकडा?"

"सगळे."

त्यांनी चष्मा काढला. "तळवणेकरबाई, ही अकरा शिकलेली, मोठी माणसं आहेत. खोटं कशाला लिहितील?"

"खोटं नाही हो, संकोचाने लिहिलंय."

"संकोचाने लिहिलेलं खोटं आणि नुसतं खोटं यांच्या वजनात फरक असतो का?" ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी माझी यादी पुढे केली. तीत माणशी पाच पोळ्या धरल्या होत्या. त्यांनी वाचली आणि मान हलवली.

"गेल्या खेपेला तुम्ही असंच भरलं होतं. एक तृतीयांश धान्य परत आलं. तिथे कागदाचा कपटासुद्धा टाकता येत नाही, सगळं परत जहाजावर चढवावं लागतं. त्या वजनात माझं खोदाईचं यंत्र बसलं असतं."

"धान्य परत आलं, खरंय. ते डबे मीच मोजून घेतले. पण सर, माणसं परत आली तेव्हा त्यांच्या पँटी सुतळीने बांधलेल्या होत्या, तेही मी बघितलंय."

"थंडीत भूक मरते काही जणांची."

"नऊच्या नऊ जणांची?"

त्यांनी माझी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुमची अडचण काय आहे सांगू? तुम्ही वाढता. 'घ्या हो, एक तरी घ्या, माझी शपथ,' असं म्हणून तुम्ही प्रत्येकाच्या ताटात दोन जास्त टाकता आणि मग त्याला गरज म्हणता. सरावाचे तीन दिवस उरलेत. या तीन दिवसांत जेवण टेबलावर मांडून ठेवायचं. ज्याने त्याने घ्यायचं. तुम्ही आग्रहाचा एक शब्द बोलायचा नाही, यातलं कुणाला सांगायचंही नाही. जेवणाआधी अन्नाचं वजन, जेवणानंतर उरलेल्याचं वजन. आकडे तुमच्या यादीच्या जवळ गेले तर तुमची यादी शनिवारी पुरवठादाराकडे जाईल, आणि अकरावी जागा तुमची. माझ्या यादीच्या जवळ गेले, तर मला माणसांवर विश्वास ठेवणारा भांडारपाल हवा. गवस येतील."

मी हो म्हणाले. मनातून म्हटलं तर उड्या मारत होते. चौदा वर्षांचा अनुभव. उपाशी माणूस समोरचं अन्न सोडत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

ते मला ठाऊक नव्हतं, असं पहिल्याच दुपारी निघालं.

सकाळभर सगळी मंडळी शीतगृहात तंबू उभारत होती. बाहेर आली ती डोळे खोल गेलेली, नाकं लाल. टेबलावर पोळ्यांची चळत, बटाट्याची भाजी, आमटी, भात, बेसनाचे लाडू. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले, तोंडाला कुलूप. मंडळी टेबलाशी आली, थबकली. प्रत्येकाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग हर्डीकरांनी दोन पोळ्या घेतल्या आणि त्यांच्या मागून सगळ्यांनी आपापल्या कागदाप्रमाणे, काहींनी त्याहून कमी.

ताटं रिकामी झाली. कुणी उठेना आणि कुणी हात पुढे करेना.

"भाजी छान झाली हं, इनास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आहे अजून," इनास म्हणाला.

"हो, दिसतेय ना," त्या म्हणाल्या, आणि भाजी तिथेच राहिली.

लाडवांचं तर काय सांगू. शेवटी एक उरला. हवामानवाल्या पोराने त्याचा अर्धा तोडला. अर्ध्याचा पाव डॉक्टरीणबाईंनी घेतला. उरलेल्या पावातला निम्मा इनासने. अर्ध्या तासाने ताटलीत मोहरीएवढा कण होता आणि अकरा माणसं त्याला वळसा घालून पाणी प्यायला जात होती.

वजन केलं. अकरा जणांत एकोणीस पोळ्या. हर्डीकरांच्या यादीपेक्षाही कमी. ते विजयाने हसले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त "हं" म्हणाले आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सतरा.

त्या दुपारी कॉम्प्रेसरच्या खोलीतून मला कुरुम-कुरुम असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून काठी घेऊन गेले, तर यंत्रामागे खोचरे उकिडवे बसलेले. मांडीवर अवजारांची पेटी, पेटीत वरचा कप्पा पान्यांचा आणि खालचा काठोकाठ भडंगाचा.

"हे काय?"

खोचऱ्यांनी घास गिळला. "यंत्राचा आवाज ऐकत होतो."

"तोंडाने?"

ते ओशाळले. मग पेटी माझ्याकडे सरकवली. "घ्या की थोडं. घरचा हाय. लसूण हाय त्यात."

"नको," मी म्हणाले.

"अवो घ्या."

"नको, आत्ताच जेवलेय."

"माझ्या बायकोनं केलाय. न्हाई घेतला तर तिला काय सांगू?"

मी मूठभर घेतला. खाता खाता लक्षात आलं की मीसुद्धा दोन दिवसांची उपाशी आहे.

"खोचरे, टेबलावर पोळ्या पडून होत्या. तिथे का नाही खाल्लंत?"

"साहेब दोनवर उठत्यात. त्यांच्यासमोर मी सातवी घेऊ? शोभतंय का?" मग ते आवाज उतरवून म्हणाले, "आणि मॅडम, खरं सांगू? तुम्ही दोन दिवस एकदाबी 'घ्या' म्हणाला न्हाईत. महिनाभर तुम्ही ताटावर आडवा हात धरू देत नव्हता. आम्ही आपसांत बोललो. म्हटलं, धान्य कमी पडलेलं दिसतंय, बाईमाणूस बिचारी सांगणार कशी? तर आपणच जरा आवरून खाऊया."

मला हसू यावं की रडू, कळेना. मी गप्प बसले होते आणि त्या गप्प बसण्याचं दहा जणांनी मिळून केवढं मोठं भाषण करून ठेवलं होतं! ओठांवर आलं होतं की अहो, कोठीत पोतीच्या पोती आहेत, खा पोटभर. पण सांगायचं नाही, ही अट. मी आणखी मूठभर भडंग घेतला आणि बाहेर आले. अकरावी जागा एका दिवसावर आली होती, आणि तिथे गवस उभे दिसत होते, नवीन लोकरी टोपी घालून.

तिसऱ्या दिवशी शेवटची परीक्षा. उणे विसात जाड हातमोजे घालून बंद पडलेला जनरेटर चाळीस मिनिटांत सुरू करायचा. खोचऱ्यांचा हातखंडा, आदल्या आठवड्यात त्यांनी तो बावीस मिनिटांत केला होता. मी आणि हर्डीकर दाराच्या जाड काचेतून बघत होतो. पंधरा मिनिटं ठीक गेली. मग खोचऱ्यांच्या हातातून पाना पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो पडल्यावर त्यांनी उचललाच नाही. खोक्यावर बसले आणि मजेत असल्यासारखे काचेकडे बघून हात हलवायला लागले, "बसतो जरा" अशी खूण करून.

"बाहेर काढा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. त्या थंडीत 'जरा बसतो' म्हणण्याचा अर्थ त्यांना कळत होता. हर्डीकर आणि इनासने खोचऱ्यांना दोन बगलांना धरून आणलं. ब्याण्णव किलो माणूस, तरी इनास म्हणालाच, "हलके झालेत."

घोंगड्यांत गुंडाळून, गरम पाण्याच्या पिशव्या लावून पाऊण तासाने खोचऱ्यांचे दात वाजायचे थांबले. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, साखर बघितली, हर्डीकरांकडे बघितलं. "दुसरं काही नाही झालेलं. हा माणूस जेवलेला नाही."

हर्डीकर वाकले. "खोचरे, जेवता का?"

"नको सर," खोचरे म्हणाले. "झालंय मघाशी."

"बरं," हर्डीकर म्हणाले.

आता त्या 'बरं'ला मी काय करू? माझ्या डोळ्यांपुढे जहाज आलं, माझ्या अक्षरातली खोकी आली, गवस आले. मग मी उठले आणि खोचऱ्यांच्या मांडीवर ताट आणून आदळलं.

"गप्प बसा आणि जेवा. झालंय म्हणे! इनास, तवा ठेव. खोचरे, ही पहिली घ्या. माझी शपथ आहे तुम्हाला. कोठीत अडीच पोती गहू आहे आणि तो मी परत घरी न्यायला आणलेला नाही! आणि तुम्ही सगळे काय बघताय? बसा!"

खोलीत एकदम जीव आला. खोचरे "बास, बास" म्हणत ताटावर हात आडवा धरायचे आणि बोटं हळूच फाकवायचे, म्हणजे पोळी आत जावी. इनास तव्यावरून उडत्या पोळ्या फेकत होता. डॉक्टरीणबाई "अर्धीच हं, अर्धीच" म्हणत चौथी संपवत होत्या. मी हर्डीकरांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सर, घ्या."

"नको, माझ्या दोन झाल्या."

"घ्या."

"खरंच नको."

"तुम्ही उठलात की ही सगळी उठतील. त्यांच्यासाठी घ्या."

त्यांनी टेबलभर नजर फिरवली. दहा हात दहा घासांवर थांबले होते. हर्डीकरांनी तिसरी घेतली. मग चौथी. पाचवीला त्यांनी, माझ्या देखत, ताटावर हात आडवा धरला आणि बोटं फाकवली.

एकाहत्तर पोळ्या. मी मोजल्या, कारण माझ्याने मोजल्याशिवाय राहवत नाही. पण त्यांचा आता उपयोग नव्हता. भांडी घासायला गेली तेव्हा हर्डीकर म्हणाले, "तुम्ही अट मोडलीत."

"मोडली," मी म्हणाले आणि झोपायला गेले. झोप आली नाही, ते सोडा.

सकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन्ही याद्या होत्या. त्यांच्या यादीवर उभी रेघ मारलेली. आणि शेजारी माझीच जुनी वही, गेल्या खेपेच्या परत आलेल्या डब्यांची.

"रात्री ही वाचत होतो," ते म्हणाले. "गेल्या खेपेला धान्य पुरेसं होतं. माणसं मात्र वाळून आली. मी समजत होतो भूक मेली. त्यांच्यात वाढणारं कुणी नव्हतं, एवढंच. नऊ जणं तेरा महिने एकमेकांचा मान ठेवत उपाशी राहिली." त्यांनी चष्मा पुसला. "तुमची यादी जाईल. पण नुसती यादी नेऊन उपयोग नाही, हेही कळलं. अकरावी जागा, तळवणेकरबाई. तुम्ही याल का?"

दोन खेपा वाट बघितलेला प्रश्न. आणि माझ्या तोंडातून, कुणी आतून दोरी ओढावी तसं, बाहेर पडलं:

"छे छे सर, मी कसली! राहू दे. माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी बघा."

"बरं," हर्डीकर म्हणाले.

आणि त्यांनी लिहून घेतलं.

मी उभीच. आता ते दुसऱ्यांदा विचारतील, मी म्हणेन, घरी विचारायला हवं; तिसऱ्यांदा विचारतील, मी म्हणेन, बघू; मग ते जरा रागावतील आणि मी नाइलाजाने हो म्हणेन. सगळी तयारी होती माझी. हर्डीकरांनी पेनाचं टोपण लावलं. फोन पुढे ओढला आणि गोव्याचे आकडे फिरवायला लागले.

"अजून काही होतं?" त्यांनी रिसीव्हर कानाला लावत विचारलं.

पलीकडे घंटी वाजायला लागली होती. मला ऐकू येत होती. अकरा जणांच्या पोटात काय आहे ते चालीवरून ओळखणारी मी, आणि माझ्या पोटात काय आहे ते ओळखायला या भल्या माणसाकडे माझ्या शब्दांशिवाय काहीच नव्हतं. दुसरी घंटी. तिसऱ्या घंटीला पलीकडून "हॅलो, गवस बोलतोय" आलं, आणि मी पुढे होऊन फोनचा खटका बोटाने दाबून धरला.

"मला यायचंय," मी म्हणाले. आवाज गरजेपेक्षा बराच मोठा निघाला. बाहेर इनासचं लाटणं थांबलं. "मला ती जागा हवी. गवसांना नाही, दुसऱ्या कुणाला नाही. मला."

हर्डीकरांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग त्यांनी टोपण काढलं, मघाची ओळ खोडली आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

"एवढंच होतं तर मघाशीच म्हणायचं," ते म्हणाले. "सोपं होतं की."

"नव्हतं," मी म्हणाले, आणि त्यांनी बसा म्हणायची वाट न बघता समोरची खुर्ची ओढून बसले.